कुंची गाडी

"किती मायेनं पुसता हो तुम्ही," तिसऱ्या मजल्यावरच्या आरती मॅडम जाता जाता म्हणाल्या आणि भैरवनाथचा हात बंपरवर होता तिथंच थिजला. बाई काही वाईट बोलल्या नव्हत्या. रविवारची सकाळ, पुण्यातल्या सोसायटीचं पार्किंग, साबणाच्या पाण्याची बादली, आणि समोर ती मलई रंगाची जुनी ॲम्बॅसिडर, जिच्याकडं बघून दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळे काहीतरी गोड बोलून जायचे. पण आत्ता तो गुडघे टेकून बसला होता. बंपरच्या निकलजवळ तोंड नेऊन त्यानं 'हाऽ' करून वाफ सोडली होती आणि त्या वाफेवरून फडकं गोल गोल फिरवत होता. निकलमध्ये त्याचं तोंड दिसत होतं. आडवं पसरलेलं, कपाळ चपटं, ओठ कानापर्यंत गेलेले. हे तोंड त्यानं आधी कुठंतरी पाहिलं होतं आणि तेव्हा ते त्याचं नव्हतं. "आजोबांची असेल ना?" मॅडमनी विचारलं, आणि त्याच्या तोंडून "हो" निघून गेलं. ढेकर निघावी तसं. मॅडम "छान छान, जपा" म्हणत लिफ्टकडं गेल्या आणि हा फडकं हातात धरून पाय बधिर होईपर्यंत तसाच बसून राहिला.

आजोबा! भैरवनाथचा आजोबा आयुष्यात एकदाच मोटारीत चढला, तेही आडवा होऊन, दवाखान्यातून घरी आणताना. धनगराची जात. दिवाळी झाली की मेंढरं पुढं घालून कोकणात उतरायचं आणि उन्हाळा सरता सरता पुन्हा घाट चढून महाळुंगे पडवळच्या शिवारात यायचं, हेच आजोबानं केलं, बापानं केलं, आणि शाळेत नाव घातलेलं असूनही निम्म्या वर्षाला भैरवनाथनं केलं. आता तो चाकणच्या कारखान्यात रंगकामाच्या खात्यात सुपरवायझर होता. दिवसभर कोऱ्या गाड्यांच्या पत्र्यावर बोट न लावता नुसत्या नजरेनं डाग शोधायचा. डाग शोधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि हा माणूस पार्किंगमध्ये एका बाईला छातीठोक सांगतो, की गाडी आजोबांची. मग काय, ते 'हो' जिन्यानं वर गेलं. मॅडमचे मिस्टर जुन्या मोटारींच्या क्लबात होते. महिनाभरात क्लबाचे अध्यक्ष घरी चहाला येऊन गेले, गाडीभोवती हात मागं बांधून फिरले, आणि अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर मेळावा भरणार होता त्याचं आवतण देऊन गेले. जाताना म्हणाले, "जुन्नरकडचं जुनं घराणं म्हणजे तुमचं." भैरवनाथनं मान हलवली. जुनं तर खरंच. मेंढरांच्या मागं चालणाऱ्यांइतकं जुनं घराणं दुसऱ्या कुणाचं असणार?

ही गाडी त्यानं हुडकून काढली होती. हौसेनं घेतलेली नव्हती, आणि ही गोष्ट त्यानं बायकोलासुद्धा धड सांगितली नव्हती. माळशेजचा घाट, तो आठ वर्षांचा, त्यांचा वाडा खाली उतरत होता. वाडा म्हणजे एकत्र फिरणारी सगळी माणसं, मेंढरं, कुत्री, आणि भांडी-कोंबड्या-कोकरं पाठीवर बांधलेली दोन घोडी. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, मधून डांबराची पट्टी. वळणावर मागून एका पांढऱ्या गाडीचा हॉर्न आला. मेंढरू हॉर्न ऐकून बाजूला जात नाही, मेंढरू मेंढराकडं जातं. सगळा कळप रस्त्याच्या मधोमध गोळा झाला आणि गाडी त्यात शिरली. आवाज काही मोठा झाला नाही. ओली घोंगडी दगडावर आपटावी एवढाच. मग गाडी थांबली, ड्रायव्हर उतरला. खाली पडलेल्या मेंढराकडं त्यानं बघितलंही नाही. तो बंपरकडं बघत होता. "अण्णा, निकलला डाग पडलाय," तो मागं वळून म्हणाला. मागच्या काचेतून पांढऱ्या सदऱ्याचा नुसता हात बाहेर आला आणि आतून आवाज आला, "त्यालाच पुसायला सांग." आणि भैरवनाथच्या बापानं, सोनबानं, डोक्याचा लाल पटका सोडला, गुडघे टेकले आणि पुसायला घेतलं. बापाचं उघडं डोकं भरदिवसा त्यानं पहिल्यांदा पाहिलं. केस घामानं चिकटलेले, पटक्याच्या खालची कातडी कोंबडीच्या पिल्लासारखी फिकी. निकलवरचं रगत निघालं. तिथंच थांबला असता तर एक वेळ चाललं असतं. पण बापानं तोंड निकलजवळ नेलं, 'हाऽ' केलं, आणि वर पुन्हा एकदा पुसून चकाकी आणली. ते कुणी सांगितलं नव्हतं. निकलमध्ये बापाचं तोंड आडवं पसरलेलं दिसत होतं आणि पोरगं शेजारीच कातळाशी कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून उभं होतं.

बापाचा हा 'हाऽ' तो जन्मभर गिळत आला होता. शाळेत मास्तरांनी मारलं तरी तो आठवायचा, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आठवायचा, लग्नात सासऱ्याच्या पाया पडताना आठवला. ड्रायव्हर 'अण्णा' म्हणाला होता आणि मोठी माणसं वाड्यात बोलताना 'राजुरीचे अण्णा' असं काहीतरी म्हणत होती, तेवढा धागा त्याच्या हातात होता. हौशीराम अण्णा, राजुरीचे मोठे बागाईतदार. त्यांची गाडी त्यांच्या नातवाच्या, स्वराजच्या, गोठ्याशेजारी शेडमध्ये पडली होती. सीटमध्ये कोंबड्यांनी अंडी घातलेली, डिकीत ठिबकच्या नळ्या. स्वराज तरुण, मोकळा माणूस. म्हणाला, "घेऊन जा राव, मला जागा मोकळी होईल. आजोबा गेल्यापास्नं कुणी हात लावला न्हाई तिला." भैरवनाथनं विचारलं, "पांढरीच होती ना पहिल्यापासून?" स्वराज म्हणाला, "मलई का काय म्हणत्यात तो. पांढरीच म्हणा." एवढ्यावर भैरवनाथची खात्री पटली. माणसाला खात्री पटवून घ्यायची असली की एवढं पुष्कळ होतं. मग दोन वर्षांच्या रविवारांचं त्या गाडीनं भरीत केलं. पत्रा घासला, इंजिन उतरवलं, निकल पुन्हा चढवून आणलं, रंगाचे थर स्वतःच्या हातानं दिले, एकावर एक, कारखान्यात कधी दिले नाहीत इतक्या निगुतीनं. वृषाली, त्याची बायको, एकदा म्हणाली, "गाडी आली त्या दिवसापासून तू घरात नाहीस." तो म्हणाला, "तुला नाही कळणार." ती म्हणाली, "मग कळेल असं सांग की." सांगण्यासारखं काय होतं? की मी ही गाडी घेतली ती बदला म्हणून? आणि बदला कसा घ्यायचा तर तिला धुऊन-पुसून? पार्किंगमध्ये त्या रविवारी पाय बधिर झाले ते याच हिशेबापाशी येऊन. बदला घ्यायला म्हणून आणलेल्या गाडीच्या पुढ्यात तो दर रविवारी बापासारखाच गुडघे टेकत होता, आणि बापाला निदान कुणीतरी दरडावून बसवलं होतं.

आता यातून सुटायची एकच वाट त्याला दिसत होती. आईला गाडीत बसवायचं. ठकूबाई महाळुंग्याला त्याच्या धाकट्या भावाकडं राहत होती, पंच्याहत्तरी उलटलेली, डोळ्यांचं ऑपरेशन झालेली, पण पायानं अजून घोडी. तिला मागच्या सीटवर बसवायचं, अण्णा बसायचे तिथं, त्याच घाटानं उतरवायचं, आणि त्याच वळणावर सांगायचं, की आये, ही तीच. आता आपली आहे. मग ती काहीतरी बोलेल. रडेल, थुंकेल, लाथ घालेल गाडीला, काहीही. सोनबाला तर जाऊन आता किती वर्षं झाली. घाटात काय घडलं हे पाहिलेलं ती एकच माणूस उरली होती. ती बोलली की हे सगळं खरं होणार होतं. नाहीतर तो नुसता एक हौशी बाबू, ज्याच्याकडं जुनी गाडी आहे. मेळावा, क्लब, घराणं, हे सगळं गेलं खड्ड्यात. त्याला आईचा एक शब्द पाहिजे होता.

फोनवर ठकूबाईनं मेळावा म्हणजे काय ते ऐकून घेतलं आणि निवाडा दिला, "मंजी जत्राच की. पर मोटारींची." मग म्हणाली, "कुशाबाचा वाडा त्याच अंगाला बसलाय औंदा, खाडीच्या वरल्या वावरात. तिकडं न्हेत आसशील तर येते. सुंदरीला बघून लई दिस झालं." सुंदरी म्हणजे सुंदरा, तिची भाची, कुशाबा भाचीचा नवरा. त्यांनी अजून मेंढरं सोडली नव्हती. भाताची कापणी झालेल्या वावरात रातभर मेंढरं बसवायची, लेंड्या-मुताचं खत वावराला, आणि बदल्यात वावरवाल्यानं भात द्यायचं, हा कोकणातला जुना व्यवहार त्यांचा चालू होता. वृषाली आली नाही. तिला घाटात उलट्या होतात, असं ती म्हणाली, आणि ते अर्धं खरं होतं.

निघताना घोटाळा झाला. कोकणात वाडा उतरायचा असला की पुढच्या मेंढ्यावर भंडार उधळायचा, ही त्यांची रीत. ठकूबाईनं पदराच्या गाठीतून पुडी काढली, पहिल्यांदा तेलाचं बोट बॉनेटवर ओढलं, आणि त्यावर मूठभर हळद सोडली. "येळकोट येळकोट..." भाऊ, भावजय, पोरं सगळी एका सुरात, "जय मल्हाऽर!" आणि भैरवनाथ आतल्या आत 'आये, रंग!' म्हणून ओरडत हात जोडून उभा. तेलावरची हळद. मलई रंगावर. ज्या माणसानं आयुष्यभर डाग शोधून पगार घेतला त्याच्यावर ही वेळ. ओतूरला ती चहा पीत होती तेवढ्यात त्यानं फडकं काढून घाईघाईनं पुसलं. भुकटी गेली, तळहाताएवढा पिवळा ठसा राहिला. पुसताना मान वर केली तर म्हातारी बशीवरून बघत होती. बशी फुंकून चहा प्यायली.

मागच्या सीटवर मांडी घालून बसलेली आई आरशात दिसत होती. बाहेर मढ, धरणाचं पाणी, हिवाळ्यातले कोरडे डोंगर. ती बोलत होती ते सगळं मेंढरांच्या भाषेत. "हितं पाला लई चांगला व्हता. तितं पाणी वंगाळ, पोट फुगायची. त्या वळणाला लांडगा आल्ता." रस्ता तिला दिसतच नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय खायला मिळतं तेवढंच दिसत होतं. भैरवनाथला मात्र फक्त रस्ता दिसत होता. घाट सुरू झाला तसा त्यानं गिअर खाली घेतला. लहानपणी याच घाटात बाप त्याला म्हणायचा, "दरीकडं बघू नगंस, म्होरल्या मेंढराच्या शेपटाकडं बघ." तो त्या वळणाला आला. आता तिथं रुंद जागा केली होती, कठडा, चहाची टपरी, सेल्फी काढणारी पोरं, शेंगा पळवणारी माकडं. तोच कातळ. का दुसरा? कातळ एकमेकांसारखेच असतात. त्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. ठकूबाईनं भाकरी सोडली.

"आये, ही गाडी वळाखलीस?"

"तुजीच न्हवं का?"

"तशी न्हाई गं. हितंच. ह्याच घाटात. मेंढरांत घुसली व्हती. बानं पटक्यानं पुसली. ही तीच गाडी."

ठकूबाईनं भाकरीचा तुकडा ठेच्याला लावला, तोंडात टाकला, चावला. तिला चावायला वेळ लागायचा.

"कुंची रं?"

"कुंची म्हंजी? ती. राजुरीच्या अण्णांची. पांढरी."

"पांढऱ्या दोन व्हत्या," ती म्हणाली. "येक त्या ओतूरकडल्या वकिलाची. येक कल्यानची, भाड्यानं फिरायची. डाक्टरची निळी व्हती, त्यो तर वर मारायला धावला. टरकं तर इचारूच नगंस. हौशीराम अण्णा म्हंतुस का तू? त्येंची व्हती का? आसंल. न्हाई बी आसंल. त्येंच्या वावरात आपुन मेंढरं बसवीत व्हतो की."

"पर हे येकदाच झालं ना? बानं पटका सोडला ते?"

"येकदा?" म्हातारी हसली. खरंच हसली, तोंडातला घास सांभाळत. "दर साली घाट उतरायचा, दर साली चढायचा. तुज्या बानं लई गाड्या पुसल्या, बाबा. रगात वल्लं हाय तवर निघतंय. वाळलं म्हंजी निघत न्हाई, मंग शिव्या वाढत्यात. त्येला ठावं झालं व्हतं. कुनी सांगायच्या आदीच पटका सोडायचा."

टपरीवर कुणीतरी मोठ्यानं हिंदी गाणं लावलं होतं. भैरवनाथला आपला आवाज लांबून ऐकू आला. "मंग तुला राग न्हाई आला कवा?"

"आला की. त्या कानीचा लई राग आल्ता. कान फाटकी मेंढी रं ती, गाभन. सांगून ऐकायची न्हाई, सारखी रस्त्याच्या मदी. मेली आन् पोटातलं बी घिऊन गेली." तिनं हात धोतराला पुसावा तसा लुगड्याला पुसला. "भुरीचं मातूर वाईट वाटलं. भुरी गरीब व्हती. खा की तू. का नुस्ता बघतुस?"

कुंची गाडी! तो खाली उतरला आणि गाडीपुढं जाऊन उभा राहिला. बॉनेटवर पिवळा ठसा, खाली निकल, निकलमध्ये कठडा, माकडं, आभाळ. म्हणजे हिचा आणि आपला काही संबंध असेल किंवा नसेलही. हौशीराम अण्णा कदाचित त्या दिवशी राजुरीत आपल्या वावरात उभे असतील, त्यांच्याच वावरात बसलेल्या मेंढरांचं खत बघत. पांढऱ्या सदऱ्याचा तो हात कल्याणच्या कुणाचाही असेल. आठ वर्षांच्या पोरानं एका हातावर, एका आवाजावर जन्मभराची इमारत बांधली. बापाच्या लेखी तो दिवस कुठल्याही दिवसासारखा होता. त्याला आता राग नेमका कशाचा आला, तेही धड कळेना. राग यायला एक माणूस लागतो, एक गाडी लागते. इथं तर घाटच्या घाट समोर उभा होता, वर-खाली पळणारा, हॉर्न मारणारा, आणि त्या सगळ्यांपुढं एक उघड्या डोक्याचा माणूस वर्षानुवर्षं गुडघे टेकत चाललेला. आणि आई चिडली होती ती मेंढीवर. खालून एक टेम्पो चढत आला, त्यात टोमॅटोचे रिकामे क्रेट, ड्रायव्हरनं ॲम्बॅसिडर बघून खुशीत हॉर्न वाजवला. भैरवनाथनं सवयीनं हात वर केला.

पुढचा रस्ता त्यानं कसा कापला ते त्यालाच ठाऊक नाही. मुरबाड गेलं, कर्जत गेलं, खोपोली-पेणकडं घाम सुटला, आई मागं झोपली. डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं. अण्णांच्या जागेवर. का वकिलाच्या, का कल्याणवाल्याच्या. त्याला वाटलं, हिला हलवून उठवावं आणि म्हणावं, आये, खोटं बोल पण 'हीच' म्हण.

मेळावा किनाऱ्याला लागून सुरूच्या झाडांत भरला होता. ओळीनं गाड्या, काळ्या, मरून, हिरव्या, लाकडी स्टिअरिंगच्या, चामड्याच्या पट्ट्यांच्या. माणसांनी जुन्या काळाचं सोंग घेतलेलं. खांद्यावरून गॅलिसचे पट्टे लावलेले पुरुष, उन्हात हॅट, नऊवारी नेसून काळे चष्मे लावलेल्या बायका. जुना काळ म्हणजे यांच्या लेखी एवढाच, की गाड्या चकाकत होत्या आणि रस्ते मोकळे होते. मोकळे कुणी करून दिले याचं कुणाला पडलंय? ज्याच्या-त्याच्या गाडीला एक आजोबा होता. माइकवरचा माणूस एकेका गाडीपुढं जाऊन आजोबा सांगत होता: शिकारीला जायचे, टेनिस खेळायचे, साहेबाशी हात मिळवायचे. भैरवनाथ एकेका बंपरकडं बघत चालला. इतकी निकल, इतका झगमगाट. सगळ्यांत त्याचं तोंड आडवं, चपटं, एका बंपरमधून दुसऱ्यात उडी मारत पुढं चाललेलं. ही असेल. किंवा ती निळी. डाक्टरची निळी होती, वर मारायला धावला. त्या निळ्या गाडीचा मालक, पिकलेल्या मिशीचा एक गृहस्थ, त्याच्याकडं बघून प्रेमळ हसला. "बॉनेटवर हळद? वा, पूजा करून निघालात. आता कोण करतं हो हे!"

माइक त्याच्या तोंडापुढं आला तेव्हा ठकूबाई मागचं दार उघडं टाकून पाय खाली सोडून बसली होती. "जुन्नर परिसरातलं एक जुनं, मातब्बर घराणं," माइकवाला म्हणत होता, "श्री. भैरवनाथजी, आजोबांविषयी दोन शब्द?" दोन वर्षं, नव्हे अडतीस वर्षं अडकलेलं सगळं वर आलं. तो म्हणाला, "ही आजोबांची गाडी नाही." आवाज लाउडस्पीकरमधून परत त्याच्याच अंगावर आला. "आम्ही हिच्या आत कधीच नव्हतो. आम्ही हिच्या पुढं होतो. रस्त्यावर. मेंढरं घेऊन. हिनं आमची मेंढरं मारली. हिनं नाही तर या ओळीतल्या दुसऱ्या कुणी. माझ्या बापानं तुमच्या गाड्यांवरचं रक्त डोक्याच्या पटक्यानं पुसलं."

माइकवाला मुरलेला माणूस. त्यानं माइक हळूच काढून घेतला आणि म्हणाला, "वा! वा! म्हणजे या गाडीमागं केवढा इतिहास उभा आहे बघा, पशुधन, घाटवाटा, त्याग! एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" आणि टाळ्या झाल्या. चांगल्या भरघोस झाल्या. एका बाईनं काळा चष्मा वर करून डोळे पुसले. निळ्या गाडीवाला येऊन त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "आमच्या बाबांच्या गाडीखाली पण एकदा शेळी आली होती. फार हळहळले होते हो." दोन पोरी ठकूबाईपाशी गेल्या. "आजी, त्या बंपरला हात लावून उभ्या राहा ना, प्लीज. एकच फोटो." म्हातारी उठली, बंपरला हात लावून उभी राहिली, पदर नीट केला, कॅमेऱ्याकडं बघितलं. सांगितलं तेवढं केलं. भैरवनाथनं तिला दंडाला धरलं आणि गाडीत घातलं. बक्षीस कुणाला मिळालं ते बघायला थांबला नाही. मागून अध्यक्ष "अहो, अहो" करत होते.

"आये, तुला काय वाटतं ते तरी सांग," खाडीच्या रस्त्याला लागल्यावर तो ओरडलाच. "मी ही गाडी घेतली, ते बरं केलं का वाईट केलं?"

"माज्यावर कशापाय वरडतुस?" ठकूबाई म्हणाली. मग सीटवरून हात फिरवला. "गाडी चांगली हाय. बूड दुखत न्हाई." आणि थोड्या वेळानं, त्याला दिलासा द्यावा तसं, "तुजा बा आसता तर बसला आसता. त्येला आवडायच्या गाड्या. चकाकतंय किती, म्हनायचा."

खाडीच्या वरच्या वावराकडं जाणारी वाट बैलगाडीएवढी. दोन्ही अंगांना काट्यांचं कुंपण, खाली भाताचे कापलेले खुंट. निम्म्यात गेल्यावर समोरून कुशाबा हात हलवत पळत आला. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात मोबाइल. "पावणं! म्होरं नका आनू! मेंढरं येत्यात वाटंनं!" भैरवनाथनं ब्रेक दाबला आणि दिवसभर तापलेलं इंजिन आचका देऊन बंद पडलं. किल्ली फिरवली. घुर्र घुर्र, बस. पुन्हा. तेवढ्यात वळणावर धूळ उठली. ठकूबाई केव्हाच उतरून कुशाबामागोमाग आलेल्या सुंदराच्या गळ्यात पडली होती, दोघी एकमेकींचे गाल चाचपत, रडत, हसत. सुंदरा डोळे पुसता पुसता गाडीकडं बघून म्हणाली, "आगं बया! भैरूदा, ही लगनातली मोटार कुठनं आनलीस? नवरा कुठाय?" आणि स्वतःच्याच विनोदावर खिदळली. कुशाबा पत्र्यावर थाप मारून म्हणाला, "लई ग्वाड गाडी हाय राव. पर आडवी आलीया मेंढरांच्या. कडंला ढकला, ढकला. तुमी बसा आत, पावणं, ष्टेरिंग धरा नुस्तं."

पावणं. तो स्टिअरिंग धरून बसला. आरशात बघितलं. कुशाबानं पटका घट्ट केला, सुंदरानं पदर खोचला, आणि त्यांच्या मधोमध त्याची आई, दोन्ही तळवे डिकीवर टेकवून, मान खाली घालून, सगळा भार लावून उभी. "हाऽऽ रंऽऽ" असा तिचा आवाज आला आणि गाडी हलली. समोरून मेंढरं आली. पहिली थबकली, गाडीकडं बघितलं, मागच्यांनी रेटा दिला आणि सगळी दोन्ही बाजूंनी फुटून वाहायला लागली. लोकरीचा, दुधाचा, मुताचा वास काचेच्या फटीतून आत भरला. तो वास त्यानं वीस वर्षं अंगाला लागू दिला नव्हता. हॉर्न हाताखाली होता. हात उचलून त्यानं मांडीवर ठेवला.

मग शेजारच्या काचेवर बोटाची गाठ वाजली. ठकूबाई, धापा टाकत, कपाळावर धूळ. जसं ती घाटातून उतरणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला म्हणाली असती तसं म्हणाली, "आजून बाजूला घे. आजून. मेंढरू घासंल."

त्यानं कुंपणाकडं पाहिलं. बोरी-बाभळीचे काटे बोटभर लांब, दाराला टेकायला आलेले. त्याच्या हातांना आपसूक कळत होतं की आणखी वीतभर घेतलं तर पुढच्या मडगार्डपासून मागच्या दारापर्यंत एकच रेघ जाईल, रंगाच्या सगळ्या थरांतून खाली पत्र्यापर्यंत. मागून पुन्हा "हाऽऽ रंऽऽ" झालं. त्यानं स्टिअरिंग फिरवलं. काटे पत्र्याला लागले आणि करकरत, ओढत, किंचाळत मागं गेले. आवाज दातांत शिरला. पायाखाली ब्रेक होता. त्यानं पाय काढून घेतला आणि आणखी बाजूला घेतली.